स्टिअरिंगखालचा हात

धरमचंद शेठ गेले होते टेम्पो आणायला आणि घेऊन आले मोटार, ही गोष्ट घोडेगावात अजूनही सांगतात. हिरड्याचा आणि भाताचा व्यापार, डोंगरातली पोती खाली आणायची, त्यासाठी टेम्पो हवा होता. पुण्याच्या कॅम्पात एक पारशी म्हातारा लेकीकडे इंग्लंडला कायमचा निघाला होता. त्याच्या दारात ही उभी दिसली. लाल, बुटकी, कापडी टपाची, दोनच माणसांची. शेठ तेव्हा ऐन पंचविशीत होते आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. टेम्पो राहिला बाजूला.

दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा शेठजींच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "यात पोती किती बसतात?"

"एक," शेठ म्हणाले. "किंवा एक बायको."

वडील कितीतरी दिवस मुलाशी बोलले नाहीत. आईने वेगळंच खुसपट काढलं. गाडीच्या सीटा होत्या चामड्याच्या, आणि जैनाघरची सून चामड्यावर बसणार नाही, असं तिने दारातच ठणकावलं. त्याच आठवड्यात सीटांना रेक्झिन चढलं. मग नवी सून उगमबाई नाकापर्यंत पदर ओढून त्या रेक्झिनवर बसली आणि पोखरीचा घाट चढून तळेघरापर्यंत जाऊन आली. घाटातल्या वाऱ्याने पदर उडाला, तो परत ओढायचं ती विसरली. त्या दिवसापासून गाडी एकट्या शेठजींची राहिली नाही.

उगमबाई गाडी चालवायला शिकल्या त्याही तळेघरलाच, भात कापून झालेल्या खाचरांमधल्या सपाट रस्त्यावर. तिथे सासू नाही, सासरे नाहीत. बघायला एक ठमाबाई, हिरडा घेऊन दुकानात येणारी, आणि तिने कधी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. सासरे गेल्यावर मात्र उगमबाई उजळ माथ्याने चालवू लागल्या. डोक्यावर पदर घेतलेली मारवाडी बाई लाल मोटार घेऊन बाजारपेठेतून निघाली की भाजीवाल्यांच्या हातातले तराजू तसेच अधांतरी राहायचे. लायसन्स त्यांनी काढलं आणि पुढे दर खेपेला नेमाने नवं करून घेतलं.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. झेंडूचा हार, कुंकू, आणि स्टिअरिंगच्या चाकाखालून जी लोखंडी नळी डॅशबोर्डात शिरते, तिला लाल-पिवळ्या सुताचा धागा. हे काही जैन शास्त्रात सांगितलेलं नाही. चातुर्मासाला गावात येणाऱ्या साध्वीजींना कळलं असतं तर त्या हसल्या असत्या. पण अख्खं घोडेगाव ट्रॅक्टरला, तराजूला, पिठाच्या गिरणीला धागे बांधत असताना आपलीच गाडी तेवढी बिनधाग्याची कशी ठेवायची? उगमबाई धागा बांधायच्या, वर तांब्यातलं पाणी शिंपडायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या, यांना सुखरूप घरी आण गं बाई. जुना धागा काढायचा नाही, त्यावरच नवा बांधायचा, हा त्यांचा नेम. होता होता ती नळी मनगटापेक्षा जाड झाली. आणि उगमबाईंची गाठ म्हणजे गाठ, दाभण घातल्याशिवाय सुटायची नाही.

असं सगळं छान चाललेलं असताना एके दिवशी शेठ म्हणाले, "उगम, आजपासून गाडी मीच चालवणार. तू आता आरामात बाजूला बस."

"का?"

"वय झालं."

"कुणाचं?"

यावर शेठ दुकानात गिऱ्हाईक आलंय असं म्हणून निघून गेले. गिऱ्हाईक कुणी आलेलं नव्हतं.

तेव्हापासून गाडी शेठच चालवायचे, तीही कशी, तर पेट्रोल पंपापर्यंत आणि फार तर शिनोलीपर्यंत. घाटाचं नाव नाही. शिवाय एक नवीनच खोड लागली. गिअर टाकून झाला की डावा हात स्टिअरिंगच्या खाली, त्या धाग्यांच्या जुडग्याला धरून. लहान पोराची हनुवटी धरावी तसा. "हा काय नवा नखरा?" असं उगमबाई विचारायच्या. "सवय," असं शेठ म्हणायचे. त्या हसून सोडून द्यायच्या, पण आत काटा सलायचा. त्यांना वाटायचं, आपल्या हातावरचा यांचा भरवसा उडाला. दुसऱ्या कुणी चाक काढून घेतलं असतं तर त्यांनी भांडून परत मिळवलं असतं. ज्याने शिकवलं त्यानेच काढून घेतलं, तिथे भांडायचं कुणाशी?

मग काचबिंदूने शेठजींचा आधी एक डोळा नेला, पाठोपाठ दुसराही. गाडी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. रोज संध्याकाळी, दिवस मावळायच्या आतलं जेवण व्हायच्या आधी, शेठ भिंत चाचपत शेडमध्ये जायचे आणि चाकावर हात ठेवून बसून राहायचे. उगमबाई जेवायला हाक मारेपर्यंत उठायचे नाहीत. एकदा असेच बसलेले असताना ते म्हणाले, "एकदा पोखरीचा घाट चढून यायला पाहिजे. दिसलं नाही तरी वारा कळेल."

आयुष्यात या माणसाने स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं, एक ही मोटार सोडली तर. उगमबाईंनी ते वाक्य पदराला बांधून ठेवलं.

वाक्य नातीनेही ऐकलं. टीना, म्हणजे त्यांच्या मुलाची, कल्पेशची लेक, पुण्यात नोकरी करते आणि गाड्यांचं तिला आजोबांइतकंच वेड. तिने चाक धरून हलवून पाहिलं, तर ते मान डोलावल्यासारखं वरखाली झालं. "दादी, खालची नळी अशी लुळी पडलीय आणि घाटात जायचं? चाकही गेलंय, कडेला तडे बघ किती. दोन्ही बदलायचं," ती म्हणाली, आणि मोबाइलवर बोटं फिरवून थेट इंग्लंडहून नवं चाक आणि नवी नळी मागवली. खोकं आलं ते सगळ्यांनी ओट्यावर बसून उघडलं. नळी ठीक होती. चाक अस्सल चामड्याने मढवलेलं निघालं. उगमबाईंनी हात मागे घेतला आणि शेठ म्हणाले, "आमच्या आईने सीटा बदलायला लावल्या, तू चाक परत पाठव. घराण्याची रीतच आहे." ते परत गेलं आणि लाकडी कडेचं आलं.

"रविवारी मी दादाजींना घाटात घेऊन जाते," टीनाने जाहीर करून टाकलं.

पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण गाडीला सीटा दोनच. एकीवर टीना, दुसरीवर शेठ, आणि आपण शेडच्या दारात उभं राहून हात हलवायचा. मी चालवते, हे तीन शब्द उगमबाईंच्या ओठांवर आले आणि तिथेच थिजले. शेठ पुन्हा "नको" म्हणाले तर? पहिलं "नको" उगमबाईंनी इतकी वर्षं गिळलं होतं. नातीच्या देखत दुसरं गिळायची त्यांच्यात ताकद नव्हती.

शेठजींना मात्र या दुरुस्तीचा उत्साह नव्हता. उलट चिडचिड. "काय अडलंय? आहे तशी बरी आहे," असं ते आठवडाभर म्हणत राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणून उगमबाईंनी दुर्लक्ष केलं. काम करायला राजुरीचा सुदर्शन येणार होता. त्याचे वडील भिमाजी याच गाडीचे जुने मेकॅनिक, आता ते हयात नाहीत. सुदर्शन येणार त्या दिवशी सकाळपासून शेठ बायकोच्या मागे लागले. "आज जैन स्थानकात साध्वीजींचं प्रवचन आहे ना? जा की. चांगलं निवांत ऐकून ये. इथे ऑइल, ग्रीस, तुझं काय काम?"

पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोला प्रवचनाला जा म्हणून कधी आग्रह केला नव्हता. उगमबाई गेल्या खऱ्या, पण साध्वीजी क्षमेवर बोलत होत्या आणि यांचं चित्त धाग्यांवर. सुदर्शन म्हणजे घाईचा माणूस. ब्लेड घालून सरळ कापून टाकेल. त्या हळूच मागच्या दाराने उठल्या.

शेडमध्ये सुदर्शनचं तोंड आणि पाना दोन्ही चालू होते. मधलं हॉर्नचं बटण निघालं होतं, मोठा नट निघाला होता, आणि चाक ओढून काढायचा पुलर लावून तो आवळत होता. "शेठ, लई जाम बसलंय बगा. आमच्या आत्याच्या सासूवानी. हलायचं नावच न्हाई." मग कडाड् आवाज झाला आणि चाक सुटून त्याच्या छातीवर आलं. त्याने ते खुर्चीवर बसलेल्या शेठजींच्या मांडीवर नेऊन ठेवलं. शेठ त्याची कड चाचपत राहिले. सुदर्शनने खिशातून ब्लेड काढलं.

"ए, थांब! कापायचे नाहीत."

शेठ दचकले. "तू एवढ्यात आलीस?"

"आले. आणि धागे मी सोडवणार आहे."

"अगं, कापू दे त्याला. पोराचा वेळ कशाला घालवतेस?"

"पोराला मी चहा देते. वेळ त्याचा नाही, माझा चाललाय."

त्यांच्या घरात बोलणं मारवाडीत, दुकानात मराठीत, आणि भांडण जी आधी तोंडात येईल तीत. हे मराठीत झालं, म्हणून सुदर्शन ब्लेड खिशात घालून निमूट बाजूला झाला. उगमबाईंनी दुकानातून पोती शिवायचा दाभण आणला आणि चालकाच्या सीटवर बसल्या. कितीतरी वर्षांनी त्या या बाजूला बसत होत्या. समोर चाक नव्हतं, नुसता दांडा होता. तरी बरं वाटलं.

वरचे धागे त्यांच्याच हातचे. दाभण घालावा, पीळ सैल करावा, नखाने ओढावं, तेव्हा कुठे एकेक सुटायचा. सुटलेला धागा त्या मांडीवर ठेवत होत्या. असे काही निघाले. मग एका जरा विटलेल्या धाग्यात त्यांनी दाभण घातला, तर गाठ नुसत्या धक्क्याने मोकळी झाली.

त्यांना वाटलं, कुजला असेल. पुढच्याला दाभण न लावता नुसतं टोक ओढलं. सुर्रकन सुटला. त्याच्या पुढचाही. त्याच्या पुढचाही तसाच.

ही पोत्याची गाठ होती. भरलेल्या पोत्याचं तोंड सुतळीने आवळायचं, बोटाभोवती वेढा द्यायचा, टोक दुमडून आत सारायचं. कितीही हलवलं तरी सुटत नाही आणि एक टोक ओढलं की सबंध सुटते. हमाल ती वेगळी मारायचे. शेठ डावरे असल्यामुळे त्यांचा वेढा उलटा पडायचा. हा उलटा वेढा उगमबाईंनी लग्न होऊन आल्यापासून पाहिला होता. तो इथे, त्यांच्या धाग्यांना कसा?

त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. शेठ मांडीवरचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, जणू समोर उतार होता.

शेवटचा धागा निघाला आणि खाली नळी दिसायच्या ऐवजी पत्रा दिसला. पत्र्याची पट्टी गुंडाळून तिला दोन क्लिपा आवळल्या होत्या. सुदर्शन वाकला.

"आयला! हे तर आमच्या दादांचं काम."

"कशावरून?"

"स्क्रू बगा ना काकी, आतल्या अंगाला. बाकी समदे भाईर ठेवत्यात, काढायला सोपा. दादा म्हनायचे, सोपं काम आपल्याला, पन साडीत आडकलं तर मानसाला तरास." तो क्षणभर त्या क्लिपांवरून अंगठा फिरवत राहिला. बाप जाऊन फार दिवस झाले नव्हते. मग त्याने क्लिपा सोडवल्या आणि पत्रा काढला.

उगमबाईंच्या मांडीवर, धाग्यांवर, साडीवर तांबडा गंज भुरभुरला. आतली नळी म्हणजे चाळण झाली होती. एका जागी तर बोट आरपार जाईल एवढं भोक.

"सुतानं पानी धरून ठेवलंय," सुदर्शन नळीपाशी वाकून आपल्याच नादात बोलत होता. "दर सालाला वरून नवं पानी, आन् खालचं वाळायला जागाच न्हाई. म्हनून चाक डोलत व्हतं. नळीच खाल्ली की वो..." एवढं बोलल्यावर त्याला कळलं की आपण काय आणि कुणासमोर बोललो. त्याने जीभ चावली. "ग्रीस आनतो," असं म्हणून तो बाहेर पडला. ग्रीसचा डबा त्याच्या पायाशीच होता.

शेडमध्ये दोघंच राहिली. उगमबाई मांडीवरच्या धाग्यांकडे बघत राहिल्या. ज्या धाग्याने यांना सुखरूप आणायचं, त्यानेच गाडी आतून खाल्ली होती. आणि आपण वर्षानुवर्षं हौसेने पाणी शिंपडत होतो. घाटात ही नळी तुटली असती तर?

हे एक झालं. पण दुसरं त्याहून मोठं होतं आणि ते मनात उतरायला वेळ लागला. कुणीतरी हे आधीच पाहिलं होतं. धागे सोडवून, पत्रा मारून, परत होते तसे बांधले होते.

"कधी?" त्यांनी विचारलं.

शेठ मांडीवरचं चाक फिरवू लागले.

"अहो, कधी?"

"तू भाचीच्या लग्नाला मारवाडात पालीला गेली होतीस तेव्हा."

पालीहून आल्यावर पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले होते, आजपासून गाडी मीच चालवणार.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? तुझ्या धाग्याने नळी खाल्ली म्हणून?" शेठ चाकाच्या तड्यावरून बोट फिरवत म्हणाले. "तू धागा बांधताना दर वेळी ओठ हलवतेस. काय म्हणतेस ते मी कधी विचारलं नाही. पण मला ते बघायला आवडायचं, उगम. कळलं असतं तर तू पुन्हा कशालाच धागा बांधला नसतास. मला काय, मी धरून चालवत होतो."

"आणि मला वाटत राहिलं..." उगमबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुमचा माझ्या हातावरचा भरवसा गेला. म्हातारी झाली, आता हिच्या हातात चाक नको, असं. रोज वाटायचं. रोज!"

शेठ चकित झाले. हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. "तुझ्या हातावरचा? अगं वेडे, नळीवरचा भरवसा गेला होता. लुळ्या चाकावर तुला कसं बसवू?"

"आणि स्वतः बसलात ते?"

"म्हणून तर घाटात नेलं नाही. पंपाच्या पुढे गेलोय का कधी?"

"शिनोलीला गेलात."

"एकदाच."

उगमबाईंना हसूही आलं आणि रडूही, आणि या दोहोंच्या मध्ये त्यांनी रागावून घेतलं. "मारवाडातून आले ते उंटावरून खाली उतरलेच नाहीत. सगळा शहाणपणा तिथूनच! नवी नळी आणायची होती."

"भिमाजी मुंबईपर्यंत शोधून आला. नाही मिळाली. मग म्हटलं बघू, आणि मग बघायचे डोळेच गेले."

उगमबाई सीटवरून उतरल्या. मांडीवरच्या धाग्यांची जुडी त्यांनी पदरात घेतली आणि नवऱ्याच्या खुर्चीपाशी येऊन त्याच्या हातात दिली. शेठ ती चाचपू लागले.

"एवढे सगळे परत बांधलेत?"

"दोन दुपारी गेल्या. जुने आत, नवे वर, सगळे ओळीने लावले. भिमाजी हसत होता मला. फक्त गाठ तुझी जमेना. बरीच खटपट केली. तिथेच सापडलो ना?"

"तिथेच."

उगमबाईंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. बाहेर सुदर्शन उगाचच मोठ्याने गाणं गुणगुणत होता, आपण ऐकत नाही हे कळावं म्हणून. इतकी वर्षं छातीत सलणारा काटा निघाला होता, आणि तो निघाल्यावर तिथे किती दुखत होतं ते त्यांना आत्ता कळत होतं. आता ते तीन शब्द अडकले नाहीत.

"घाटात मी नेणार तुम्हाला. टीना नाही. मी चालवते."

शेठजींनी धाग्यांची जुडी चाकावर ठेवली. मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "सुदर्शन! ग्रीस सापडलं असेल तर ये. आणि नळी चोख बसव. उगम चालवणार आहे."

सुदर्शनने नळी चोख बसवली. खालचा जॉइंट जोडला, डॅशबोर्डखालचे बोल्ट आवळले, इंडिकेटरच्या वायरी ओढून घेतल्या आणि वर नवं लाकडी चाक चढवून ऐटीत उभा राहिला. शेठ उठले, चाचपत सीटवर बसले आणि चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवला.

"वाकडं आहे."

"न्हाई वो शेठ. पुढची चाकं सरळ हायेत, आन् हे बी डोळ्यानं सरळच दिसतंय."

"म्हणूनच सांगतो."

सुदर्शनने बडबडत चाक पुन्हा काढलं. ते दांड्यावरच्या दात्यांवर एक दाता सरकून बसलं होतं. त्याने ते नीट बसवलं आणि म्हणाला, "पुढच्या येळी डोळं मिटूनच काम करतो."

रविवारी टीना आली तेव्हा तिला बातमी कळली. तिने आधी डोळे मोठे केले, मग आजीला मिठी मारली, आणि मग कडक मास्तरीण झाली. सलग काही रविवार बाजार समितीच्या मोकळ्या आवारात लाल मोटार गोल गोल फिरत राहिली. "दादी, क्लच! दादी, समोर बघ, माझ्याकडे नको!" क्लच जड वाटत होता, पण हातांना सगळं आठवत होतं. नवं चाक जिथे ठेवावं तिथे राहत होतं. "झालं, पास," असं टीना म्हणेपर्यंत दसरा आला.

दसऱ्याला सकाळी गाडी धुऊन झाली. टीनाने झेंडूचा हार घातला. ताटात कुंकू होतं, पाण्याचा तांब्या होता, आणि सवयीने आणलेला लाल-पिवळा धागाही. उगमबाईंनी नव्या नळीकडे पाहिलं आणि धागा परत ताटात ठेवला.

"बांधलास?" शेठजींनी विचारलं.

"नाही. मला भीती वाटते आता."

"मला दे तो."

"नळीला नको हं. पुन्हा गंजेल."

"नळीला कोण बांधतंय? हात दे."

त्यांनी उगमबाईंचा हात ओढून घेतला, बांगड्या मागे सारल्या आणि मनगटाभोवती धागा गुंडाळला. बोटाभोवती उलटा वेढा, टोक दुमडून आत. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाले ते उगमबाईंनी विचारलं नाही.

"ही तर एका ओढीत सुटायची," त्या म्हणाल्या.

"सुटू दे. मी आहे बांधायला."

टीना शेडच्या दारात उभी राहून हात हलवत होती. उकळलेल्या पाण्याची बाटली सीटमागे होती, टप खाली केलेला होता. शिनोली गेली, डिंभे आलं. धरणाचं पाणी काठोकाठ भरलेलं होतं आणि त्याचा गारवा रस्त्यावर येत होता. "पाणी डाव्या हाताला," शेठ म्हणाले. मग घाट लागला. उगमबाईंनी गिअर उतरवला आणि पहिलं वळण घेतलं. चाक जिथे फिरवलं तिथे फिरलं, ना डोललं, ना झुकलं. दुसऱ्या वळणावर वारा समोरून आला आणि पदर उडाला. त्या तो ओढायच्या फंदात पडल्या नाहीत.

"आला," शेठ तोंड वर करून म्हणाले. "हाच तो."

तिसऱ्या वळणाला, गाडी वळू लागताच, शेठजींचा उजवा हात आपल्या अंधारात चाचपत पुढे आला आणि स्टिअरिंगच्या खाली जाऊन नळीला खालून आधार देऊन थांबला. गिअर टाकताना उगमबाईंचा हात त्याला लागला.

"अहो, नवी आहे ती. आता नाही हलत."

"माहिती आहे," शेठ म्हणाले, आणि तळेघर येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.